जरा क्लीनर साइडला घ्या!

महाराष्ट्रात कुणालाही एकट्याने गाडी मागे घेता येत नाही. म्हणजे येते, पण लोक घेऊ देत नाहीत. तुम्ही रिव्हर्स टाकायचा अवकाश, कुठूनतरी एक माणूस उगवतो. तो समोरच्या दुकानातला पोऱ्या असेल, पानवाला असेल किंवा नुसताच रस्त्याने निघालेला असेल. आरशात दिसणार नाही नेमक्या अशा जागी तो उभा राहतो आणि हात हलवत 'येऊ द्या, येऊ द्या, येऊ द्या' सुरू करतो. 'बास' हा शब्द तो गाडी टेकल्यानंतर उच्चारतो. एसटीत निदान शिस्त आहे. एक बेल म्हणजे थांबा, दोन म्हणजे निघा, आणि ड्रायव्हर मागे वळूनही न बघता ते पाळतो. खासगी गाडीचा मालक मात्र काच खाली न करता त्या बाहेरच्या माणसाकडे पूर्णपणे दुर्लक्ष करतो आणि स्वतःच्या अकलेने खांबाला गाडी लावतो. दुसऱ्याच्या अकलेने न लागल्याचं त्याला समाधान असतं.

हे सगळं सांगायचं कारण असं, की नव्याने फोर-व्हील ड्राइव्ह घेतलेल्या लोकांसाठी आखलेल्या 'सोप्या' ट्रेलवर खरी अडचण दगडांची नसते, चिखलाची नसते आणि चढाचीही नसते. खरी अडचण ही असते, की समोर उभा असलेला पंचविशीतला मुलगा सांगेल तेव्हा, सांगेल तिकडे आणि सांगेल तेवढंच स्टिअरिंग फिरवायचं. त्या मुलाला मार्शल म्हणतात. पन्नाशीच्या मराठी माणसाने आयुष्यात वडील, साहेब आणि बायको यांच्यापलीकडे कुणाचं ऐकलेलं नसतं, आणि त्यांचंही गाडी चालवताना नाहीच.

मी अशा ट्रेलला गेलो तो एका मित्राच्या गाडीत, मागच्या सीटवरून. गाडी जिम्नी. जिम्नीची मागची सीट ही माणसांसाठी असते असा एक समज आहे. पुढे मित्र आणि वहिनी. रस्ता कामशेतहून पवनानगरकडे उतरणाऱ्या भागातला, शेतांच्या कडेने आणि ओढ्यातून जाणारा. मान बाहेर काढली की एकीकडे तिकोना, एकीकडे तुंग. दिवाळी होऊन गेलेली, भात कापून खाचरं मोकळी झालेली. नवशिक्यांसाठी हाच काळ बरा. जून-जुलैत इथे लावणी चालू असते, आणि त्या वेळी बांधावर गाडी घालणाऱ्याला जे शिकायला मिळतं ते कुठल्याच प्रशिक्षणात नसतं. आणखी एक सांगून ठेवतो. सह्याद्रीतले कातळसडे पावसाच्या शेवटी फुलांनी भरलेले असतात. तिथे गाडी फिरवून फोटो काढणाऱ्यांना मी हौशी वगैरे म्हणणार नाही. त्यांच्याकडून दंड घ्यावा आणि वर गाडीही ठेवून घ्यावी.

जमण्याची वेळ साडेसहा होती, म्हणजे लोक आठपर्यंत आले. जुन्या हायवेवरच्या एका हॉटेलाच्या आवारात आठ-नऊ गाड्या उभ्या होत्या आणि मालक एकमेकांच्या गाड्यांकडे, लग्नाच्या हॉलमध्ये व्याही जसे एकमेकांच्या मंडळींकडे बघतात, तसे बघत होते. इथे तीन घराणी असतात. पहिलं थारवाल्यांचं. २०२० च्या २ ऑक्टोबरला नवी थार आली आणि तोवर शांतपणे सेडान चालवणारी अनेक कुटुंबं एकदम डोंगराळ झाली. दुसरं जिम्नीवाल्यांचं. ही २०२३ ची मंडळी. आपली गाडी लहान आहे म्हणूनच सरस आहे, हे ती न विचारता समजावून सांगतात. तिसरं घराणं जिप्सीवाल्यांचं. जिप्सी १९८५ मध्ये आली आणि २०१९ च्या सुमारास बंद झाली. त्यामुळे जिप्सीवाला नवीन नसतोच. तो नवशिक्यांच्या ट्रेलला येतो तो फक्त बाजूला उभं राहून 'हं' म्हणायला. त्याच्या गाडीत एसी नव्हता, पाठीला आधार नव्हता आणि आवाजात बोलणं ऐकू येत नव्हतं, ही त्याच्या मते त्या गाडीची वैशिष्ट्यं होती.

थारवाल्यांत एक काका होते. बँकेतून निवृत्त झालेले. गाडी काळी कुळकुळीत. पुढच्या हुकात लाल रंगाचा दोर लोंबतोय, मागच्या बाजूला वाघाच्या पंज्याचं मोठं स्टिकर. डोक्यावर टोपी, हातात मोजे. काकू मागे बसल्या होत्या, पुढच्या सीटवर डब्यांची पिशवी होती आणि तिला सीटबेल्ट लावला होता. सगळ्यांत जास्त तयारी काकांची आहे, यावर एकमत झालं.

पोहे झाल्यावर चाकांतली हवा काढायचा कार्यक्रम. रस्त्यावर बत्तीस-तेहतीसला असलेली हवा वीस-बाविसावर आणायची. म्हणजे टायर जरा पसरतो, जमिनीवर त्याचा ठसा लांबतो, दगडावर तो आपटण्याऐवजी त्याला बिलगतो. हे पटायला सोपं आणि करायला फार जड. आयुष्यभर दर पंधरा दिवसांनी पंपावर रांग लावून हवा भरलेली माणसं खाली बसून ती हवा स्वतःच्या हाताने सोडत होती. एका गृहस्थांनी पैसे देऊन नायट्रोजन भरून घेतला होता. मावळच्या हवेत आधीच चार पंचमांश नायट्रोजन आहे, त्यात त्यांनी आपला सोडला. चेहरा मात्र पैसे मोजून दिल्यासारखा होता.

मग त्या दांड्याची ओळख. गिअरच्या शेजारी एक आखूड दांडा असतो. त्यावर टू-एच, फोर-एच, एन आणि फोर-एल असं लिहिलेलं असतं. टू-एच म्हणजे दोनच चाकांना ताकद, रोजच्या रस्त्यासाठी. फोर-एच म्हणजे चारही चाकांना, निसरड्या जागेसाठी. फोर-एल म्हणजे चारही चाकांना आणि अतिशय सावकाश, इंजिनाची ताकद दुपटीहून जास्त वाढवून. गाडीची किंमत ज्या दांड्यामुळे लाखांनी वाढते, तो बहुतेक मालकांनी घेतल्या दिवसापासून हलवलेला नसतो. मित्राने गाडी थांबवली, न्यूट्रल केली, क्लच दाबला आणि दांडा ओढला. तो आला नाही. पुन्हा ओढला. वहिनी म्हणाल्या, "अहो, तुटेल." मार्शल म्हणाला, "सर, नाही तुटत, ओढा." मित्राने दोघांपैकी कुणाचं ऐकायचं याचा क्षणभर विचार केला आणि दांडा 'खट्' करून बसला. सगळ्या गाड्यांतून असेच आवाज येत होते. फक्त काकांच्या गाडीतून आला नाही.

"काका, फोर-एल टाकलंत का?" मार्शलने विचारलं.

"मी घरूनच टाकून आलोय," काका म्हणाले.

फोर-एलमध्ये एक्सप्रेसवेवरून यायचं म्हटलं तर माणूस पुण्याहून आदल्या दिवशी निघायला हवा. त्यामुळे मार्शल हसला. काकांचा विनोद त्याला आवडला असावा.

सोपा ट्रेल म्हणजे नेमकं काय, तर जिथे साध्या उंच गाडीचंही बहुतेक वेळा भागतं, पण भागलं नाही तर माणूस मरत नाही. मुरमाचा चढ, बैलगाड्यांनी आणि ट्रॅक्टरांनी पाडलेल्या दोन खोल चाकोऱ्या, गुडघ्याच्या आतबाहेर पाण्याचा एक ओढा, कोपऱ्यात थोडी काळी माती. मुरूम हा सज्जन असतो. ओला झाला तरी चाकाला धरून ठेवतो. काळी माती ओली झाली की टायरच्या खाचा भरून टाकते, आणि मग चार चाकी गाडी चार गुळगुळीत लाटण्यांवर उभी राहते. शिकवणारे नवशिक्यांना काळ्या मातीचं फक्त दर्शन घडवतात. तेवढं पुरतं.

इथे मला शहरातल्या खड्ड्यांवरचा विनोद करता आला असता. तो महाराष्ट्रातल्या प्रत्येकाने करून झाला आहे, आणि खड्डे जागच्या जागी आहेत.

पहिल्याच चाकोरीत मार्शल समोर येऊन उभा राहिला. आता त्याचा चेहरा आपल्याकडे, म्हणजे त्याचं डावं ते आपलं उजवं. यातून जगभर गोंधळ होतात. आपल्याकडे ट्रकवाल्यांनी तो केव्हाच सोडवून ठेवलाय. डावं-उजवं नाहीच, ड्रायव्हर साइड आणि क्लीनर साइड. मार्शल ओरडला, "क्लीनर साइड घ्या! क्लीनर साइड! अजून!"

मित्राने पहिल्यांदा वहिनींकडे पाहिलं.

"माझ्याकडे काय बघताय?" वहिनी म्हणाल्या. "घ्या ना माझ्या बाजूला."

"पण तिकडे दगड आहे."

"त्या दगडावरच चढवायचंय, सर," मार्शल म्हणाला.

हा सोप्या ट्रेलचा पहिला धडा. वाहन चालवण्याचा परवाना मिळाल्यापासून माणूस दगड दोन चाकांच्या मधून काढत आलेला असतो. इथे उलट. दगड चाकाखाली घ्यायचा, कारण चाक दगडावर चढतं आणि गाडीचं पोट उचललं जातं. मधून काढला तर तो डिफरन्शियलच्या गोळ्याला लागतो, आणि तो गोळा गाडीखालच्या सगळ्या वस्तूंत सर्वांत खाली लोंबत असतो. हे सगळं मित्राला तोंडपाठ होतं. आदल्या आठवड्यात त्याने मलाच फोनवर समजावलं होतं. तरी पाय ब्रेकवर आणि हात ड्रायव्हर साइडला जात होते. मार्शलने दोन्ही मुठी वर केल्या, म्हणजे थांबा. मित्र थांबला नाही, तो त्याला समजावू लागला. "माझं असं म्हणणं आहे..." चाकोरीत अर्धी कललेली गाडी, मागे सहा गाड्या खोळंबलेल्या, आणि हा काच खाली करून आपलं म्हणणं मांडतोय. मार्शलने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "बरोबर आहे सर. आता क्लीनर साइड घ्या."

अंगठ्यांचंही तसंच. स्टिअरिंगच्या आतल्या आऱ्यांत अंगठे अडकवायचे नाहीत, चाक दगडाला लागलं की स्टिअरिंग उलटा झटका देतं. हे सांगितल्यावर सगळ्यांनी अंगठे बाहेर काढले आणि दोन मिनिटांत सगळ्यांचे परत आत गेले. मागच्या सीटवरून मला तेच दिसत होते.

पुढे मुद्दाम खणलेले खड्डे होते, एक डावीकडे, एक उजवीकडे, पुन्हा एक डावीकडे. गाडी त्यात शिरली की तिरकस दोन चाकं खोल जातात आणि उरलेल्या दोनांपैकी एखादं हवेत लटकतं. साध्या डिफरन्शियलची गंमत इथे दिसते. इंजिनाची ताकद सोपी वाट धरते. जे चाक हवेत आहे, ज्याच्यावर काडीचंही ओझं नाही, ते गरागरा फिरतं आणि ज्याच्यावर भार आहे ते ढिम्म. आता गाडीतलं इलेक्ट्रॉनिक डोकं त्या हवेतल्या चाकाला ब्रेक लावतं, म्हणजे ताकद नाइलाजाने दुसरीकडे जाते. हे होताना खालून करकर असा भयानक आवाज येतो. मित्राने तो ऐकून लगेच एक्सलरेटर सोडला. गाडी थांबली. "सर, सोडू नका, दाबून ठेवा!" पुन्हा करकर, पुन्हा पाय वर. या गाडीचे हप्ते अजून चालू आहेत, हे त्या पायाला ठाऊक होतं. शेवटी वहिनींनी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवून तो खाली दाबला आणि गाडी डौलात बाहेर आली. जिप्सीवाले म्हणाले, "हं."

उताराचा प्रकार तर फारच मजेशीर. फोर-एल, पहिला गिअर आणि दोन्ही पाय जमिनीवर. ना ब्रेक, ना क्लच. इंजिनच गाडीला धरून ठेवतं आणि ती मुंगीच्या चालीने उतरते. काचेतून फक्त जमीन दिसत असते. अशा वेळी काहीच न करणं हे आपल्या लोकांना जमत नाही. एका गृहस्थांनी क्लच दाबला आणि इंजिनाचा आधार सुटून गाडी उरलेला उतार एकदम उतरली. खाली त्यांच्या सौभाग्यवती बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मार्शलने विचारलं, "मॅडम, ठीक ना?" त्या म्हणाल्या, "परत वर घ्या. मी चालवते." त्यांनी चालवली आणि त्या दिवसात उतार कुणी नीट उतरलं असेल तर त्यांनी. ब्रेकला पाय लावला नाही, अंगठे बाहेर, आणि मार्शल बोलेल तेवढंच स्टिअरिंग. नवरा बाजूच्या सीटवरून 'ब्रेक, ब्रेक' म्हणत होता, आणि ते त्या अजिबात ऐकत नव्हत्या. बाहेरच्याचं ऐकायचं आणि आतल्याचं नाही, एवढंच हे शास्त्र असावं.

वर पोचल्यावर वस्तीपाशी चहा झाला. ओसरीवर एक आजी बसल्या होत्या. त्यांनी रांगेने उभ्या केलेल्या गाड्या पाहिल्या, मग गाड्यांची दारं उघडून वाकत, कंबर धरत उतरणारी आम्ही माणसं पाहिली.

"कुनाचं लगीन हाय का?"

नाही म्हटल्यावर त्या विचारात पडल्या. लग्न नाही, मयत नाही, मतदान नाही, तरी एवढ्या गाड्या या रस्त्याने? शेजारी बसलेले दादा म्हणाले, "रस्ता बघाया आल्यात का साहेब? मंजूर झालाय म्हनं." आमच्या आयोजकांचा कप हातातच राहिला. गावाने या पाणंदीसाठी अर्ज केला होता. २०२१ मध्ये सरकारने शेत-पाणंद रस्त्यांची मातोश्री ग्रामसमृद्धी योजना आणली, तेव्हापासून शेताकडे जाणाऱ्या अशा वाटांवर खडी पडायची आशा गावोगाव आहे. म्हणजे आम्ही माणशी पैसे भरून, टायरची हवा सोडून ज्या चाकोऱ्यांचा आनंद घेत होतो, त्या एकदाच्या बुजाव्यात म्हणून गाव तलाठ्यापासून आमदारापर्यंत फिरत होतं. आयोजकांनी अतिशय काळजीच्या आवाजात विचारलं, "कधी होणार काम?"

"पुढच्या वर्षी," दादा म्हणाले.

"नक्की?"

"तीन वर्सं झाली, पुढच्याच वर्षी होनाराय."

आयोजकांनी उरलेला चहा संपवला.

तसं बघितलं तर जीप या देशात आली ती रस्ते नव्हते म्हणूनच. दुसऱ्या महायुद्धातली विलीज जीप महिंद्रांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत माझगावला जुळवायला घेतली, आणि पुढची कित्येक वर्षं शेतकी अधिकारी, फौजदार, डॉक्टर आणि पुढारी तिच्यातून खेड्यांत पोचले. मग तिच्या वंशजांचं वडाप झालं. नऊ जणांच्या जीपमध्ये पंधरा माणसं, टपावर कोंबड्यांची पाटी, ड्रायव्हर अर्धा बाहेर आणि ताकद फक्त मागच्या दोन चाकांना. ते दादा असंच वडाप याच वाटेने चालवायचे. त्यांना फोर-एल कधी लागला नाही. "प्याशिंजर उतरवायचं," ते म्हणाले. "मंग धक्का." आता मात्र फोर-एलवाल्यांसाठी इगतपुरीजवळ महिंद्रांनीच ऑफ-रोड शिकवणारी अकादमी काढली आहे, आणि त्यात उतरायला नव्हे, बसून राहायला शिकवतात.

चहानंतर जिम्नीच्या मागच्या सीटने माझ्या कमरेशी असलेले संबंध तोडले, म्हणून मी काकांच्या थारमध्ये बसलो. डब्यांची पिशवी काकूंकडे मागे गेली. पुढे बसलो आणि सवयीने गिअरच्या शेजारी बघितलं. तिथे दांडा नव्हता. तिथे एक छोटा खण होता आणि त्यात टोलसाठी जमवलेली, फास्टॅग आल्यापासून बेकार पडलेली चिल्लर होती.

२०२३ च्या जानेवारीत थार टू-व्हील ड्राइव्हमध्येही आली. चार मीटरच्या आत लांबी आणि दीड लिटरच्या आत डिझेल इंजिन असलं की कर कमी बसतो, त्या हिशेबात ती स्वस्त पडते. दिसायला तीच, उंचीला तीच. बँकेतला माणूस दुसरं काय घेईल? मागचा वाघाचा पंजा नेमका कुठल्या अक्षरांवर चिकटवला होता, हेही मला उमगलं. काकांनी माझ्याकडे बघितलं. मी तिकोन्याकडे बघितलं.

ओढा बरा गेला. थारचं पाण्यातलं माप कंपनी साडेसहाशे मिलिमीटर सांगते आणि इथे पाणी त्याहून कमीच होतं. शिवाय मार्शलने आधी स्वतः चालत जाऊन तळ बघितला होता. पाण्यातून वेगाने जायचं नसतं, पुढे एक हलकी लाट ढकलत सावकाश जायचं असतं. फोटोत उडणारं पाणी दिसतं ते इंजिनाच्या नाकात जायला निघालेलं असतं. पलीकडे मात्र ओल्या मातीचा चढ होता आणि आमच्या आधीच्या गाड्यांनी आपापल्या चाकांनी आणलेलं पाणी त्यावर ओतून ठेवलं होतं.

"काका, फोर-एच टाका!" मार्शल वरून ओरडला.

काकांनी मोज्यातला हात खणात घातला आणि चिल्लर एका बाजूची दुसऱ्या बाजूला केली. चांगला दणदणीत आवाज झाला.

"टाकलं!"

मागून काकू म्हणाल्या, "अहो..." पण तोवर काकांनी दोन गाड्यांची लांबी मागे घेतली होती आणि दिवसभर शिकवलेलं सगळं, सावकाश, अंगठे, मुंगीची चाल, बाजूला ठेवून एकदम पाय दाबला होता. थारचं मागचं अंग आधी ड्रायव्हर साइडला गेलं, मग क्लीनर साइडला, मग जिथे मार्शल होता तिथे. मार्शल बाजूला झाला. मातीचा फवारा उडाला आणि आम्ही वर पोचलो. चिल्लर गाडीभर झाली होती.

"बघा काका," मार्शल टोपी झटकत म्हणाला, "फोर-एच टाकल्यावर फरक कळतो की नाही?"

"कळतो तर," काका म्हणाले.

डांबरी लागल्यावर सगळ्यांनी थांबायचं होतं. इथे पुन्हा टू-एच करावं लागतं. कोरड्या डांबरीवर वळताना पुढची चाकं लांबचा वळसा घेतात, मागची जवळचा, आणि दोन्ही एकमेकांना जखडलेली राहिली तर गाडी वळणावर अडखळते, स्टिअरिंग दगडासारखं होतं. शिवाय हवा भरायची. बॅटरीवर चालणारा एकच कॉम्प्रेसर आणि आठ-नऊ गाड्यांची चाकं, म्हणजे बराच वेळ. मित्राचा दांडा आता फोर-एलमधून निघत नव्हता आणि वहिनी 'अहो, तुटेल' वर परत आल्या होत्या. नायट्रोजनवाले गृहस्थ ही साधी हवा नंतर काढून टाकता येईल का, हे विचारत होते.

काकांना काही काढायचंच नव्हतं, त्यामुळे ते सगळ्यांत आधी तयार झाले आणि मोजे न काढता एकेका गाडीच्या खिडकीपाशी जाऊन वाकून विचारू लागले.

"टू-एच केलंत ना? बघा बरं एकदा. नवीन लोक हमखास विसरतात."